भोसले (आडनाव)

भोसले : महाराष्ट्रातील एक प्रसिद्ध आडनाव व राजघराणे. भोसल, भोंसले अशीही त्याची रूपे आढळतात. संस्कृत ग्रंथांत ‘भृशबल’ असे रूप येते. ते मूळ नावाचे संस्कृतीकरण असून त्यावरून व्युत्पत्ती ठरविता येत नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांचे पणजोबा बाबाजी भोसले हिंगणी बेर्डी व देऊळगाव येथील पाटील होते. त्यांचे पुत्र मालोजी निजामशाहीच्या सेवेत नावारूपास आले. त्यापूर्वीची वंशावळ मात्र वादग्रस्त आहे. एका परंपरेनुसार हे घराणे मेवाडच्या सिसोदिया राजपुतांची शाखा असून आडनाव भोसाजी नावाच्या पूर्वजावरून पडले. काहींच्या मते ते गावाच्या नावावरून आले. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांचे क्षत्रियत्व सिद्ध करणे आवश्यक झाले. त्या वेळी शोध घेता त्यांचे कूळ सिसोदियांचे ठरले, असे सभासद बखरीत म्हटले आहे. त्यामुळे आडनावाच्या उगमाचा प्रश्न केवळ भाषिक न राहता राज्याधिकाराशी जोडला गेला. अनेक इतिहासकारांनी या वंशावळीच्या विश्वसनीयतेबद्दल शंका व्यक्त केली आहे. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव (२००१) या ग्रंथात वेगळे मत मांडले. त्यांच्या मते ‘भोसल’ हे ‘होयसळ’ या नावाचे रूपांतर असून या घराण्याचे मूळ कर्नाटकात आहे. कोणत्याही मतास अद्याप सर्वमान्यता लाभलेली नाही.

सातारा व कोल्हापूर येथील छत्रपती, तंजावरचे राजे, तसेच सावंतवाडीचे सावंत-भोसले यांनी हे नाव धारण केले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजीच्या काळी (१८०३) या वंशाचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. नागपूरकर भोसले ही वेगळी शाखा होय. परसोजी भोसले १७०७ मध्ये शाहूस मिळाले. पुढे ‘सेनासाहेब सुभा’ पदावर आलेल्या पहिल्या रघूजीने (मृ. १७५५) देवगडच्या गोंड राज्यातील कलहाचा लाभ घेऊन नागपूर येथे सत्ता स्थापिली. हल्लीचा भंडारा जिल्हा याच राज्यात मोडत असे. तिसरा रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारला व १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले.

हे आडनाव सर्वत्र रक्तसंबंधाचे द्योतक नाही. १७०७ मध्ये दक्षिणेत परतताना पारद येथील चकमकीत तेथील पाटील मारला गेला. त्याच्या विधवेने आपले मूल शाहूच्या पायांशी घातले. शाहूने त्याचे नाव फत्तेसिंह ठेवून त्यास भोसले हे उपनाव दिले. लोखंडे कुळातील हाच मुलगा अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा मूळ पुरुष होय. यावरून आडनाव वंशपरंपरेने जसे मिळे, तसेच राजकृपेनेही प्राप्त होई, असे दिसते.