भागानगरातली अपुरी मशीद

साल १६७७. शिवाजीमहाराजांच्या लष्करासोबत तुम्ही भागानगरात, म्हणजे आजच्या हैदराबादेत, शिरला आहात. बखरकार सभासदाने लिहिलंय तसे रस्त्यांवर कुंकूकेशराचे सडे, गुढ्या, तोरणं. अख्खं नगर राजा पाहायला लोटलंय. महाराजांची बोलणी गोवळकोंड्याचा कुतुबशहा तानाशहा याच्याशी आणि त्याचे कारभारी मादण्णापंत यांच्याशी. तुम्हाला तिथे कोण विचारतो? तुम्ही आपले चारमिनार मागे टाकून दक्षिणेकडे निघा.

ही मक्का मशीद. अजून पुरी झालेली नाही. महंमद कुतुबशहाने १६१७ मध्ये काम काढलं, त्याला साठ वर्षं झाली. तो गेला, त्याचा मुलगा अब्दुल्ला गेला, आता अब्दुल्लाचा जावई तानाशहा गादीवर आहे. पहिला चिरा घडवणाऱ्या पाथरवटाचा नातूही एव्हाना छिन्नी धरायला शिकला असेल.

दर्शनी पाच कमानींतल्या मधल्या कमानीतून आत या. मान वर करा: पाऊणशे फूट उंची. घुमटांचं ओझं नुसतं खाली येत नाही, बाजूंनाही रेटतं. म्हणून खांब असे दांडगे. इंग्लंडातल्या डरहॅमच्या कॅथेड्रलमध्येही गवंड्यांनी या रेट्यापुढे जाडजूड खांबच उभे केले. ते मात्र १०९३ ला सुरू करून चाळीस वर्षांत मोकळे झाले.

आता पश्चिमेच्या भिंतीतला मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा. त्याच्या एका अखंड शिळेची कथा ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवली आहे. खाणीतून ती सोडवायला पाच वर्षं, पाचसहाशे माणसं सतत कामावर. गाड्यावर चढवायला त्याहून जास्त वेळ. आणि ओढायला चौदाशे बैल. बैलांचा आकडा मला फुगवलेला वाटतो. ताव्हर्नियेलाही तो लोकांनीच सांगितला होता, आणि आपल्या गावच्या शिळेचं वजन कमी करून कोण सांगतं?

दहा वर्षं पुढे सरका. १६८७ मध्ये औरंगजेब गोवळकोंडा घेतो, कुतुबशाही संपते. ज्यांचं राज्य बुडवलं त्यांची मशीद मात्र तो पुरी करवतो, १६९४ मध्ये. तानाशहा तेव्हा दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत आहे. पुढे निजाम येतात आणि याच आवारात आपल्या कबरी बांधतात. तानाशहाला जागा मिळाली ती खुलताबादेत. औरंगजेबाची कबरही त्याच गावात आहे.