तराळाचा नातू आणि परीक्षेचा दरवाजा

कॉलेजात शिकवत असताना आमच्या स्टाफरूममध्ये एक वाद वारंवार उभा राहायचा. त्याचं मूळ नेहमी दुसरीकडेच असायचं. कुणाच्या मुलाला प्रवेश मिळालेला नसायचा, कुणाच्या भाच्याची निवड हुकलेली असायची. बोलणं मात्र 'गुणवत्ते'वर येऊन थांबायचं. अशाच एका दुपारी एक सहकारी माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, तुम्ही इतिहासाचे. सांगा बरं, चीनमध्ये तेराशे वर्षं परीक्षा घेऊन अधिकारी नेमले. तिथं कुठं होत्या राखीव जागा? शेतकऱ्याचं पोरसुद्धा मंत्री होत होतं!"

मी गप्प बसलो. पटलं म्हणून नव्हे. मला चीनची परीक्षा माहीत नव्हती म्हणून. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने अशा वेळी गप्पच बसावं. पण ते बोलणं डोक्यात राहिलं, आणि पुढची काही वर्षं जमेल तसं मी त्या परीक्षेबद्दल वाचत गेलो. त्या वाचनात मला माझा आजा भेटला. कसा, ते सांगतो.

आधी त्या परीक्षेला तिचं श्रेय देऊ. सुई घराण्याच्या काळात, इ. स. ६०५ च्या सुमारास ती सुरू झाली आणि १९०५ साली बंद झाली. जिल्ह्याची, प्रांताची, राजधानीची आणि शेवटी खुद्द बादशहाच्या महालातली, अशा तिच्या पायऱ्या होत्या. प्रांताची परीक्षा तीन वर्षांतून एकदा व्हायची. नानजिंगच्या परीक्षागृहात भरभराटीच्या काळात वीस हजारांवर खोल्या होत्या. खोल्या कसल्या, एक माणूस आणि दोन फळ्या मावतील एवढे खण! एका फळीवर बसायचं, दुसरीवर लिहायचं, रात्री दोन्ही जोडून त्यांवरच आडवं व्हायचं. अकराव्या शतकापर्यंत सोंग राजवटीने एक विलक्षण गोष्ट रूढ केली होती. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकून मोहोर मारायची आणि सगळी उत्तरपत्रिका कारकुनाकडून नव्याने उतरवून घ्यायची, म्हणजे परीक्षकाला अक्षरही ओळखता येऊ नये. पुढच्या काळात उमेदवार काळ्या शाईत लिही, कारकून लाल शाईत उतरवी, आणि परीक्षकासमोर फक्त लाल प्रत जाई.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. आपल्याकडे त्याच काळात आणि त्यानंतरही आठ-नऊशे वर्षं पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी हे सारं पोटातूनच मिळत होतं. ज्या देशात माणसाचं नाव ऐकल्याबरोबर त्याची सात पिढ्यांची जागा ठरते, त्या देशात नाव झाकण्याची कल्पना सुचायलासुद्धा वेगळं डोकं लागलं असतं. सहकाऱ्यांचं म्हणणं इथवर खोटं नव्हतं.

पण उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकण्याआधी उमेदवाराला दारातून आत यावं लागतं, आणि त्या दाराशी काय विचारत होते, हे स्टाफरूममधल्या चर्चेत कधी येत नसे. चिंग राजवटीत जिल्ह्याच्या परीक्षेला बसणाऱ्याला पणजोबा, आजोबा आणि बाप अशा तीन पिढ्यांची नावं लिहून द्यावी लागत. आधीच उत्तीर्ण झालेला एखादा पदवीधर जामीन राहावा लागे. घराणं 'स्वच्छ' आहे, 'हीन' लोकांपैकी नाही, याची हमी त्याने द्यायची. या हीन लोकांत गुलाम होते, नाचगाणं करणारे होते, वेश्या आणि त्यांची संतती होती. आणि यामेनमधले, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीतले, बहुतेक शिपाई-हरकारेही होते.

या शेवटच्या वर्गापाशी मी अडखळलो. समन्स पोचवणं, सारा भरण्याची हाकाटी करणं, आरोपीला धरून आणणं, तुरुंगावर पहारा देणं, दारावर उभं राहणं, संशयास्पद मृत्यू झाला तर प्रेत उलटंपालटं करून तपासणं ही यांची कामं. पगार नाममात्र, पोट लोकांकडून मिळणाऱ्या रीतीच्या पैशावर. सरकारचं पान यांच्यावाचून हलत नसे, आणि यांचा मुलगा, नातू सरकारी परीक्षेला बसू शकत नसे.

माझा आजा तराळ होता. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्याच्याकडे पाळी आली की हातात काठी यायची. चावडीवर साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचं. साऱ्याची रक्कम खजिन्यात जाताना सोबत चालायचं. कागद पुढच्या गावाला पोचवायचा. कुणी मेलं तर दहा कोसांवरच्या पाहुण्यांना सांगावा द्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं. विहिरीत मढं सापडलं तर पोलीस येईपर्यंत रात्रभर त्याची राखण करायची. शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष निर्णायक मानत. म्हणजे गावाची हद्द कुठवर हे त्याने सांगितलं तर खरं, पण त्या हद्दीच्या आतल्या विहिरीवर त्याची सावली नको. बदल्यात बलुतं आणि शिळी भाकरी. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजांनी हा सारा व्यवहार कागदावर पक्का करून घेतला. तो बदलावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. वतन प्रत्यक्षात संपलं ते १९५८ च्या कायद्याने.

आटपाडी आमच्या गावापासून फार लांब नाही. औंध संस्थानात असलेल्या त्या आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरातांचा जन्म झाला. 'तराळ-अंतराळ' ज्यांनी वाचलं असेल त्यांना विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आठवत असेल. त्यात त्यांच्या वडिलांवर जे ओढवतं, ते यामेनमधल्या प्रेत तपासणाऱ्या चिनी नोकराने वाचलं असतं तर त्याला समजावून सांगावं लागलं नसतं. या तराळाचा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. चिंग राजवटीत तो जिल्ह्याच्या पहिल्या परीक्षेच्या दारातूनच परत फिरवला गेला असता, आणि जामीन राहणाऱ्यालाही शिक्षा झाली असती.

दोन्हीकडचं सारखंच होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं आहे, म्हणूनच ते टाळायला हवं. चिनी हरकाऱ्याला विटाळ नव्हता. त्याच्या स्पर्शाने कुणी आंघोळ करत नसे. शिवाय त्याचं हीनपण कामाला चिकटलेलं होतं, ते काम सोडता येत होतं, आणि बादशहांनी कागदोपत्री का होईना दार किलकिलं केलं होतं. १७२३ साली युंगचंग बादशहाने शान्शीमधल्या गाणाऱ्या-बजावणाऱ्या कुळांचं आणि चच्यांगमधल्या 'तोमिन' म्हणवल्या जाणाऱ्या जमातीचं हीनत्व रद्द केलं. १७२९ मध्ये कांतोनकडच्या नावेवर राहणाऱ्या लोकांना काठावर वस्ती करण्याची मुभा दिली. पण मग १७७१ साली, छ्येनलुंगच्या कारकीर्दीत, त्यालाच शेपूट जोडलं गेलं. हीन धंदा सोडल्याची नोंद सरकारदरबारी करायची आणि त्यानंतर चौथ्या पिढीने परीक्षेला बसायचं; तेही जवळचे सगळे नातेवाईक स्वच्छ असतील तरच. म्हणजे बापाने धंदा सोडायचा आणि पणतूने अर्ज करायचा! मधल्या दोन पिढ्यांनी काय खायचं, हे त्या हुकुमात नाही. तोमिन लोक तर विसाव्या शतकातही शाओशिंगच्या आसपास लग्नाकार्यात इतरांची हलकी कामं करताना दिसत. त्याच गावच्या लू श्यूनने त्यांच्यावर लिहिलं आहे.

लू श्यूनचं नाव आलं म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. त्याचा आजोबा सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेला मोठा विद्वान. १८९३ साली तो परीक्षकाला लाच देऊ पाहताना सापडला आणि तुरुंगात गेला. पोराला पास करायचं होतं. घराणं स्वच्छ असल्याची हमी त्याच्याबद्दल नक्कीच कुणीतरी दिली असणार.

ज्यांना दारावर अडवलं नव्हतं त्या गरीब शेतकऱ्यांच्या पोरांचं काय झालं? परीक्षेला लागणारे अभिजात ग्रंथ मिळून चार लाखांवर अक्षरं होतात. ती मुखोद्गत पाहिजेत. चौदाव्या शतकापासून त्यांचा अर्थही चू शीच्या भाष्याप्रमाणेच लावायचा. पुढे निबंधाचा साचाही ठरून गेला, आठ पायांचा. पाचव्या वर्षापासून पाठांतराला बसलेलं आणि पंचविशीपर्यंत शेतावर न गेलेलं पोर कुणाच्या घरात असू शकतं, हे सांगायला चीनचा इतिहास कशाला हवा? बाबासाहेबांना मुंबईच्या शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावं लागलं. अभ्यासक्रम हाही एक दरवाजाच असतो.

दक्षिणेकडच्या हक्का समाजातला हुंग श्यूच्वान नावाचा एक तरुण कांतोनला चार वेळा परीक्षेला बसला, चारही वेळा नापास झाला. १८४३ चं अपयश शेवटचं. मग त्याने उभारलेलं ताइपिंग बंड १८५१ ते १८६४ पर्यंत चाललं आणि त्यात दोन कोटींच्या आसपास माणसं मेली असं मानतात. नानजिंग घेतल्यावर या बंडखोरांनी काय केलं? स्वतःच्या परीक्षा सुरू केल्या! मला याचं हसू येत नाही. ज्याला दारातून हाकललं त्याला तो दरवाजाच जग वाटू लागतो. आपणही थोडेफार तसेच आहोत.

आपल्याकडे परीक्षा आली ती लंडनहून. १८५३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या नेमणुकांतला वशिला काढून स्पर्धा आणली. मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये अहवाल दिला, १८५५ मध्ये पहिली परीक्षा झाली. इंग्लंडात त्या काळी या सुधारणेच्या चर्चेत चीनचा दाखला दिला जात होता. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली पास झाले. १८७८ मध्ये वयोमर्यादा १९ वर आणली आणि हिंदी मुलांची वाट आणखी अरुंद झाली. परीक्षा हिंदुस्थानातही घ्या ही मागणी काँग्रेसने वर्षानुवर्षं केली. ती पुरी व्हायला १९२२ उजाडलं. मागणी न्याय्य होती. पण १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिलं, त्यात ते वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवत होते. कर रयतेचा, उच्च शिक्षण ब्राह्मणांचं आणि कचेऱ्याही त्यांच्याच, असा त्यांचा हिशोब होता. लंडनचं दार उघडायला निघालेल्यांना गावच्या शाळेचं दार दिसत नव्हतं.

ते दार साताऱ्यात पाहायला मिळतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या नावाने एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. ती नोंद शाळेने जपून ठेवली आहे. मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो आहे. रजिस्टरमध्ये तो मुलगा इतर मुलांच्या ओळीतच आहे. वर्गात मात्र तो वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचा, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. वर्षभराने वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेल्या त्याच मुलाला मसूर स्टेशनवर जात सांगितल्याबरोबर गाडीवान मिळेना. बोलणं, कपडे, सारं नीटनेटकं होतं. स्टेशनमास्तरने नाव-गाव विचारेपर्यंत सगळं ठीक होतं.

हाच मुलगा पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर, ऑगस्ट १९४३ मध्ये, केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९४६ साली त्या साडेबारा टक्के झाल्या. आमच्या शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजीच मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या होत्या. चीनमध्ये राखीव जागा होत्या का, या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तरही मला उशिरा सापडलं: होत्या. प्रांतवार कोटा ठरलेला होता. नाहीतर समृद्ध दक्षिणेने सगळ्याच जागा नेल्या असत्या, हे मिंग बादशहांना पंधराव्या शतकातच कळलं होतं. मला उत्तर सापडलं तोवर ते निवृत्त होऊन मुलाकडे गेले होते.

आता माझ्या पुतण्याचं. तो पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतो. दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत, कॉट बेसिसवर खोली, दोन वेळची मेस. गेल्या वर्षी त्याची जातवैधता अडली. एका कार्यालयात त्याला सांगितलं गेलं की १९५० पूर्वीचा सांगली जिल्ह्यातला पुरावा आणा. तो काकुळतीने म्हणाला, साहेब, सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. आमचा तालुका सातारा जिल्ह्यात होता, १९४९ ला दक्षिण सातारा झाला, आणि सांगली हे नाव १९६० चं. समोरच्याने फाईल मिटून बाजूला ठेवली. नंतर तोंडी चौकशीत आडनावावरून सुरुवात, मग गावातली वस्ती कुठल्या दिशेला, मग कुलदैवत. पुतण्या मला फोनवर म्हणाला, "काका, पेपरवर नाव नसतं म्हणतात, पण इथं तर पणज्यापर्यंत विचारतात."

मी त्याला यामेनच्या दाराची गोष्ट सांगितली. तिथे तीन पिढ्या हीन नाहीत याचा कागद लागायचा. इथे तीन पिढ्या हीन मानल्या गेल्या होत्या, हे ज्यांनी मानलं त्यांच्याच दप्तरातून शोधून आणायचं. त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही. त्याला पुरावा हवा होता, उपमा नव्हे.

आजा शाळेत गेलेला नसल्यामुळे शाळेचा दाखला नव्हता. जमिनीच्या फेरफारात 'महार वतन' असा शेरा निघाला, पण त्यात नाव चुलत आज्याचं. तालुक्याला चार खेपा झाल्यावर कोतवाल बुकाचं एक जुनं पान सापडलं; मोडीत. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी ठराविक फी घेऊन त्याचं लिप्यंतर करून दिलं. माझ्या वडिलांच्या जन्माची नोंद होती ती. बापाचं नाव, जात, आणि 'खबर देणार' या रकान्यात पुन्हा आज्याचंच नाव. गावात जन्मलेल्या-मेलेल्या प्रत्येकाची खबर चावडीवर देणं हे तराळाचं काम. त्या महिन्यात त्याची पाळी होती, आणि इतरांच्या नोंदींबरोबर त्याने स्वतःच्या मुलाचीही दिली होती. आज्याला लिहिता येत नव्हतं. नोंदीखाली निशाणी आहे, अंगठ्याची.

पुतण्याने त्या पानाच्या तीन झेरॉक्स काढल्या, साक्षांकित करून घेतल्या आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला.