चार चौरसांचा प्रश्न : मॉस्कोतील खेळ आणि मुंबईतील उकल

२०२२ साली बोल्ट्झमान पदक प्रथमच एका भारतीय शास्त्रज्ञाला मिळाले. सांख्यिकीय भौतिकशास्त्रातील हा सर्वोच्च सन्मान मानला जातो. जॉन हॉपफील्ड यांच्यासह त्याचे मानकरी ठरलेले प्रा. दीपक धर हे वाळूच्या ढिगाऱ्याच्या गणिती प्रतिमानासाठी विशेष ओळखले जातात. मात्र त्यांच्या गौरवपत्रात आणखी एका कामाचा उल्लेख आहे : समूह मोजण्याच्या प्रश्नांच्या अचूक उकली. हे काम समजून घेण्याची एक सोपी वाट संगणकावरील एका खेळातून जाते. तो खेळ म्हणजे टेट्रिस.

या कथेचा आरंभ १९५३ सालचा. हार्वर्ड विद्यापीठातील तरुण गणिती सॉलोमन गोलोम्ब यांनी एका व्याख्यानात सारखे चौरस कडेला कड लावून जोडल्यावर होणाऱ्या आकृत्यांचा विचार मांडला आणि त्यांना ‘पॉलिओमिनो’ हे नाव दिले. पाच चौरसांच्या १२ आकृत्या पुढे पेटीत नेमक्या बसवण्याचे कोडे म्हणून लोकप्रिय झाल्या. या कोड्याची गोडी लागलेल्यांपैकी एक होते अलेक्सेय पाजित्नोव. मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात ते संशोधक होते. १९८४ साली त्यांनी हे कोडे ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या यंत्रावर आणले. त्या यंत्राला चित्रे काढता येत नसत, म्हणून ठोकळे कंसचिन्हांनी रेखाटले. बारा आकृत्यांचा पसारा फार झाला, तेव्हा त्यांनी चारच चौरस घेतले. आकृती फिरवता येते पण उलटवता येत नाही, असे धरल्यास चार चौरसांच्या नेमक्या ७ आकृत्या होतात. ग्रीक भाषेतील ‘चार’ या अर्थाचा शब्द आणि टेनिस यांच्या जोडणीतून खेळाचे नाव सिद्ध झाले.

खेळाचा नियम एका वाक्यात सांगता येतो : वरून पडणारा ठोकळा डावी-उजवीकडे सरकवावा, फिरवावा आणि आडवी ओळ पूर्ण भरावी, भरलेली ओळ नाहीशी होते. पट साधारणतः १० घरे रुंद आणि २० घरे उंच असतो. प्रत्येक ठोकळा ४ घरे व्यापतो, पूर्ण झालेली ओळ १० घरे मोकळी करते. म्हणजे दर ५ ठोकळ्यांमागे सरासरी २ ओळी पुसल्या गेल्या, तरच ढीग वाढत नाही. या हिशेबात खरा शत्रू म्हणजे झाकली गेलेली पोकळी, कारण तिच्यावरची ओळ जाईपर्यंत ती भरता येत नाही. पृष्ठभाग अगदी सपाट ठेवणेही हिताचे नाही. दोन्ही नागमोडी ठोकळ्यांना बसण्यासाठी एका घराची पायरी लागते. सपाटीवर ते खाली पोकळी सोडतात. म्हणून अनुभवी खेळाडू लहान पायऱ्या राखतो आणि कडेचा एक स्तंभ मोकळा ठेवून सरळ काठीची वाट पाहतो. ती मिळाली की चार ओळी एकदम जातात.

आता एक प्रश्न. सातही ठोकळे एकेकदा वापरून ४ × ७ घरांचा आयत भरता येईल का? दोन्हींचे क्षेत्रफळ २८ घरे आहे. आयताची घरे बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी रंगवा : १४ काळी, १४ पांढरी. सहा ठोकळे कसेही ठेवले, तरी प्रत्येकी २ काळी आणि २ पांढरी घरे व्यापतात. एकटा ‘टी’ आकाराचा ठोकळा ३ घरे एका रंगाची आणि १ दुसऱ्या रंगाची घेतो. बेरीज १५ आणि १३ होते. म्हणून हा आयत कधीही भरणार नाही. एकही ठोकळा न हलवता अशक्यता सिद्ध झाली.

खेळाची मर्यादाही अशीच सिद्ध झाली आहे. १९९७ साली हायडी बर्गील यांनी दाखवले, की दोन नागमोडी ठोकळे आलटून पालटून येत राहिले, तर निष्णात खेळाडूही अखेर हरतो. ठोकळे निव्वळ यदृच्छेने येत असतील, तर अशी दीर्घ मालिका कधीतरी येणारच. पुढे एमआयटीतील एरिक डिमेन, सुसान होहेनबर्गर आणि डेव्हिड लिबेन-नोवेल यांनी सिद्ध केले, की येणारे सर्व ठोकळे आधी ठाऊक असले, तरी कितीही मोठ्या पटावर सर्वोत्तम खेळी शोधणे हा संगणनशास्त्रातील अतिकठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो.

याहून मूलभूत प्रश्न आहे मोजणीचा. चौरसांची संख्या वाढवत नेली, तर आकृत्या किती? फिरवलेली आकृती वेगळी धरली, तर १, २, ६, १९, ६३ अशी संख्या वाढत जाते. संगणक पुढच्या संख्या काढतो, परंतु सामान्य सूत्र आजही कोणाला ठाऊक नाही. भौतिकशास्त्रज्ञ या आकृत्यांना ‘जालकावरचे प्राणी’ म्हणतात. पाझरण आणि बहुवारिकांच्या रचना समजून घेताना त्या भेटतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना धर यांनी १९८२ साली या प्रश्नाच्या एका रूपाला हात घातला. प्राण्याची वाढ एका घरापासून केवळ उजवीकडे आणि वर होईल, एवढे बंधन त्यात असते. तेव्हा संख्या येतात १, २, ५, १३, ३५. धर यांनी ही मोजणी जालकावरील वायूच्या, रॉडनी बॅक्स्टर यांनी सोडवलेल्या एका प्रतिमानाशी समतुल्य असल्याचे दाखवले, आणि अचूक उत्तर हाती आले : आकृती मोठी होत जाते, तशी प्रत्येक नव्या घरागणिक संख्या तिपटीच्या अधिकाधिक जवळ जाते. वरवर असंबद्ध भासणारे दोन प्रश्न एकच निघाले.

पाजित्नोव यांना आपल्या खेळाचे मानधन १९९६ नंतर मिळू लागले. तोवर हक्क सोव्हिएत, नंतर रशियन व्यवस्थेकडे होते. गोलोम्ब यांच्या व्याख्यानाचा किंवा धर यांच्या मोजणीचा तात्काळ उपयोग त्या वर्षी कोणी विचारला असता, तर प्रामाणिक उत्तर ‘ठाऊक नाही’ हेच असते. आपल्याकडे संशोधन प्रस्तावांच्या अर्जात अपेक्षित लाभाचा रकाना असतो आणि तो भरावा लागतो. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे रास्तच आहे. पण चार चौरस कसे जोडावेत, असे विचारणाऱ्यासाठी त्या अर्जात थोडी जागा मोकळी राहावी. टेट्रिसचा खेळाडू कडेचा स्तंभ मोकळा ठेवतो, तशीच. काठी केव्हा येईल, हे त्यालाही ठाऊक नसते.