ख्रिस्ती मिशनकार्य, वसाहती सत्ता व दारिद्र्य : पुसद व वऱ्हाड

ख्रिस्ती मिशनकार्य, वसाहती सत्ता व दारिद्र्य : वऱ्हाडातील संबंध. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी अंमलाखाली आलेल्या वऱ्हाड प्रांतात पाश्चात्त्य, विशेषतः अमेरिकन, ख्रिस्ती मिशनांनी अनाथालये, शाळा व रुग्णालये काढली. ह्या कार्याचे त्या अंमलाशी आणि त्या अंमलात वाढीस लागलेल्या दारिद्र्याशी जे गुंतागुंतीचे नाते जडले, त्याचा विचार ह्या नोंदीत पुसद तालुका व त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून केला आहे. पुसद हे पैनगंगेस मिळणाऱ्या पूस नदीकाठचे गाव. तालुक्याच्या दक्षिण सीमेवर पैनगंगा, तिच्यापलीकडे त्या काळी निजामाचे राज्य. १९०५ पर्यंत हा तालुका वाशीम जिल्ह्यात मोडत असे, आणि त्या वर्षी वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले तेव्हा तो त्यात घालण्यात आला. डोंगराळ भाग, मुख्य लोहमार्गापासूनचे अंतर, आणि बंजारा, आंध व गोंड ह्यांची मोठी वस्ती ह्या तीन गोष्टींमुळे ह्या विषयाच्या अभ्यासकास पुसद विशेष उपयोगी पडते, कारण धर्मप्रसारास दारिद्र्य एवढीच भूमी पुरेशी असते काय, ह्या प्रश्नाची कसोटी येथे लागते.

प्रथम सत्तेविषयी. ईस्ट इंडिया कंपनीने मिशनऱ्यांना हाताशी धरून राज्य मिळविले, ही सर्वत्र रूढ असलेली समजूत इतिहासास धरून नाही. प्रजेच्या धर्मभावना दुखावल्या तर व्यापारास व गादीस धक्का पोहोचेल ह्या भयाने कंपनीने कित्येक वर्षे मिशनऱ्यांना आपल्या मुलखात थारा दिला नाही. १८१३ च्या सनदी कायद्याने हे दार उघडले आणि त्याच साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले व अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने धर्माच्या बाबतीत सरकार तटस्थ राहील असे वचन दिले. परंतु कागदावरील तटस्थता आणि गावकऱ्याच्या नजरेस पडणारी वस्तुस्थिती ह्यांत पुष्कळ अंतर होते. डेप्युटी कमिशनर ज्या रंगाचा, मिशनचा साहेबही त्याच रंगाचा. एकाच्या कचेरीत दुसऱ्यास खुर्ची मिळे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मिशनच्या शाळांना, इतर खाजगी शाळांप्रमाणेच, सरकारी अनुदानाचा मार्गही मोकळा झाला. साहेब राज्य करतो आणि साहेबच उपदेश करतो, एवढेच ज्या कुणब्यास दिसत होते, त्याला अमेरिकन व इंग्रज ह्यांतील भेद किंवा चर्च व सरकार ह्यांतील पाश्चात्त्य फारकत कोण समजावून सांगणार?

वऱ्हाड इंग्रजांकडे आले ते लढाईने नव्हे, कर्जाने. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकल्यामुळे १८५३ च्या तहान्वये निजामाने हा सुपीक प्रांत कंपनीच्या स्वाधीन केला, आणि पुढे १९०२ साली सालीना २५ लक्ष रुपयांच्या बोलीवर तो कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिला. ह्या पन्नास वर्षांत वऱ्हाडचे अर्थकारण मुळापासून बदलले. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पाहणी व जमाबंदी होऊन महसूल रोख भरणे खातेदारास प्राप्त झाले. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. युद्ध संपले, भाव कोसळले, परंतु कापूस पेरण्याची सवय, महसुलाची तारीख आणि सावकाराचे खाते ही तिन्ही मागे राहिली. ज्वारीची पेवे भरून ठेवणारे घर बाजारातून धान्य विकत घेऊ लागले, आणि ज्यास शेतच नव्हते त्याचा रोजगार तर सर्वस्वी कापसाच्या हंगामावर अवलंबून राहिला.

पुसदच्या संदर्भात ह्या बदलाचा सर्वांत निष्ठुर आघात बंजारा समाजावर झाला. शतकानुशतके लमाणी बैलांच्या तांड्यांनी धान्य व मीठ ह्यांची वाहतूक करणारा हा समाज आगगाडीने एका पिढीत बेकार केला. आणि ज्या राज्याने त्याचा धंदा नाहीसा केला त्याच राज्याने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात भटक्या जीवनाकडेच गुन्हा म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ केली. बंजाऱ्यांची गणना आज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये होते, ती ह्याच इतिहासाची खूण होय. पुसदच्या डोंगराळ भागातील तांडे हळूहळू स्थिर होऊन शेतीस लागले. गुन्हेगार जमातींच्या कायद्यांच्या अंमलबजावणीत मिशन व सरकार ह्यांचा सर्वांत उघड सहयोग घडला, परंतु तो अन्यत्र : तारेच्या कुंपणाआड वसविलेल्या सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. तेथे शाळा होती, काम होते, सद्भावही असेल. परंतु कुंपणाच्या आत कोणी राहावयाचे हे ठरविणारा कायदाच अन्यायाचा होता, आणि सेवा करणाऱ्याने त्या कायद्याची किल्ली आपल्या हाती घ्यावी, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास मिशनच्या इतिहासातील सर्वांत खेदजनक वाटते.

वऱ्हाडात मिशनकार्य आरंभिले ते प्रामुख्याने लहान अमेरिकन पंथांनी. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ह्या संस्थेची ठाणी अकोला, अमरावती, खामगाव, बुलढाणा ह्या भागांत पडली. मेळघाटातील कोरकूंसाठी स्वतंत्र मिशन निघाले. यवतमाळचा भाग फ्री मेथडिस्ट मिशनकडे आला. ह्या पंथाच्या नावातील ‘फ्री’ शब्दाचा इतिहास येथे सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील मेथडिस्ट चर्चमध्ये त्या काळी पुढील बाके पैसे भरणाऱ्यांस भाड्याने दिली जात आणि निर्धनास मागे बसावे लागे. ह्या प्रथेस आणि गुलामगिरीस विरोध करून बी. टी. रॉबर्ट्स व त्यांचे सहकारी १८६० मध्ये वेगळे झाले. देवळात दरिद्री माणसाकडून जागेचे मोल घेऊ नये म्हणून जन्मास आलेला पंथ, देवळाच्या पायरीवरही ज्यास जागा नव्हती अशा महार-मांगांच्या वस्तीत येऊन पोहोचला, हा योगायोग विलक्षण खरा. अर्नेस्ट वॉर्ड व फीबी वॉर्ड हे ह्या पंथाचे दांपत्य १८८१ मध्ये भारतात आले; बऱ्हाणपूर व एलिचपूर भागांत काम केल्यानंतर पंथाचे मुख्य ठाणे पुढे यवतमाळास स्थिरावले.

सुवार्ता सांगत बाजारोबाजार फिरणाऱ्या ह्या मिशनऱ्यांस आरंभीच्या वर्षांत अनुयायी फारसे लाभले नाहीत. परिस्थिती पालटली ती दुष्काळाने. १८९६–९७ साली महागाईने मजूरवर्ग पोळला, आणि १८९९–१९०० साली पाऊसच गेल्यामुळे सबंध वऱ्हाड होरपळून निघाले. १८९१ च्या शिरगणतीत २८ लक्ष ९७ हजारांवर असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये २७ लक्ष ५४ हजारांवर आली. पुसद ज्यात होते तो वाशीम जिल्हा तर ३ लक्ष ९८ हजारांवरून ३ लक्ष ५३ हजारांवर उतरला, म्हणजे दर नऊ माणसांमागे एक माणूस नाहीसे झाले. कोणी मेले, कोणी परागंदा झाले, आणि त्या दशकात जी जन्मावयाची ती मुले जन्मलीच नाहीत. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडून मजुरी मिळे, परंतु जो खडी फोडू शकत नव्हता अशा पोराचे काय? आईबापांवाचून उरलेली ही मुले मिशनच्या आवारात येऊ लागली. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ पत्राने वर्गणी जमवून १९०० साली ‘क्विटो’ नामक आगबोटीतून मका मुंबईस पाठविला व निरनिराळ्या पंथांच्या मिशनऱ्यांमार्फत तो वाटला गेला. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये मध्य प्रांतात हिंडून दुष्काळपीडित मुली व तरुण विधवा गोळा केल्या आणि त्यांतून केडगावचे मुक्तिसदन वाढले.

ह्या अनाथांवरून जो वाद पेटला तो आजतागायत विझलेला नाही. अन्नाच्या बदल्यात धर्म घेतला, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. लाला लजपतराय ह्यांनी मध्य प्रांतातील हिंदू अनाथ मुले पंजाबात नेण्याची चळवळ केली व १९०१ च्या दुष्काळ कमिशनपुढे अनाथांच्या प्रश्नावर साक्षही दिली. आक्षेपात तथ्य होते. ज्या मुलाला ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचे वयच आले नव्हते, त्याच्या नावापुढे नवा धर्म लिहिला गेला, आणि परदेशी देणगीदारांपुढे त्याच्या उघड्या बरगड्यांची छायाचित्रे प्रचारासाठी मांडली गेली, हे नाकारता येत नाही. परंतु त्या मुलाला उचलून घेण्यास गावचा पाटील, सावकार वा पंचायत पुढे आली असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता, हेही तितकेच सत्य आहे. कारण महारामांगाच्या मुलास घरात घेऊन जेवू घालणे हे त्या काळच्या धर्मबुद्धीस मान्य नव्हते. मिशनऱ्यांविरुद्धचा खरा आक्षेप, प्रस्तुत लेखकाच्या मते, वेगळा आहे. त्यांनी भुकेल्यास अन्न दिले, परंतु ही भूक कोठून आली, ह्याचा विचार सहसा केला नाही. महसुलाचा रोख हप्ता, कापसाची सक्तीसमान ओढ, परदेशी जाणारे धान्य, सावकाराकडे जाणारी जमीन ह्यांविषयी त्यांच्या वृत्तांतांत मौन आढळते, आणि दुष्काळ ही ईश्वरी कृपेची संधी म्हणून वर्णिलेली आढळते. वस्तुतः तो पुष्कळ अंशी माणसांनी घडविलेला होता, आणि त्या माणसांपैकी काही जण रविवारी त्याच प्रार्थनेत बसत होते.

ह्या मौनास अपवाद सापडतात ते बहुधा मराठी ख्रिस्ती माणसांत. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, ते अन्नासाठी नव्हे, आणि मिशनऱ्यांच्या वर्चस्वापासून हिंदी चर्च मुक्त असावे, त्याचे भजनकीर्तन मराठी मातीतले असावे, ह्यासाठी अखेरपर्यंत झगडले. परक्या पैशावर उभी असलेली संस्था परक्याच्या आज्ञेतच राहते, हे त्यांनी मिशनच्या आत राहून ओळखले होते. जोतीराव फुल्यांचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे : स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, अहमदनगर येथे मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहून त्यांस स्फूर्ती झाली, परंतु ख्रिस्ती न होता त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून दारिद्र्याची ती कारणे उघड केली, ज्यांविषयी मिशनचे वृत्तांत बोलत नव्हते.

आता पुसदच्या कसोटीकडे वळू. दारिद्र्य हेच धर्मांतराचे मूळ असते, तर बंजारा तांडे, आंध व गोंड वाड्या आणि भूमिहीन मजूर ह्यांनी भरलेल्या ह्या भागात ख्रिस्ती वस्ती मोठी व्हावयास हवी होती. ती तशी झाली नाही. सबंध यवतमाळ जिल्ह्यात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण आजही अत्यल्प आहे. तांड्याला स्वतःचा नायक होता, पोहरादेवी ह्या आपल्या तीर्थाची वाट होती, आपले संत सेवालाल महाराज ह्यांची भक्ती होती. भूक होती, पण नावगाव हरवलेले नव्हते. ह्याच तालुक्यातील गहुली ह्या गावी बंजारा कुटुंबात १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक पुढे १९६३ ते १९७५ एवढा दीर्घ काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ह्याउलट ज्यांनी धर्म बदलला त्यांचे उदाहरण पाहू : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केल्यावर अनेक धर्मांचे प्रतिनिधी, ख्रिस्ती धर्मोपदेशकांसह, त्यांच्याकडे आले. आणि अखेर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी अनुयायांसह त्यांनी जो बौद्ध धर्म स्वीकारला, त्याच्यामागे कोठलेही परदेशी मिशन, धान्य वा रुग्णालय नव्हते. विदर्भातील अतिदरिद्री माणूस धर्म बदलतो तेव्हा तो भाकरीपेक्षा आधी मान मागतो, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा मिळणार नाही.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न शासनदरबारी गेला. यवतमाळ जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याने १९५४ मध्ये निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी ह्यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी समिती नेमली. १९५६ मध्ये सादर झालेल्या अहवालाने परकीय पैशावर चालणाऱ्या धर्मप्रसारावर कठोर ताशेरे ओढले, धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू त्या परदेशी मिशनऱ्यांनी परत जावे आणि वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी उपयोग होऊ नये, अशा शिफारशी केल्या. समितीत एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती सदस्यही होते. ख्रिस्ती संस्थांनी अहवाल एकांगी म्हणून नाकारला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि पुसदपुरता तो कागद दुसऱ्या राज्याच्या दप्तरात राहिला.

सेवेची परंपरा मात्र मिशन व एतद्देशीय सेवक अशा दोन्ही बाजूंनी चालू राहिली. नाझरीन पंथाचे वाशीम येथील रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय डॉ. ऑर्फा स्पायकर ह्या अमेरिकन बाईंनी उभे केले. फ्री मेथडिस्ट पंथाचे रुग्णालय यवतमाळ जिल्ह्यात उमरी येथे चालले. महारोग्यांची शुश्रूषा, जी पूर्वी बहुतांशी मिशनचे क्षेत्र समजली जाई, ती वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण, अमरावतीस तपोवनात शिवाजीराव पटवर्धन आणि वरोऱ्यास आनंदवनात बाबा आमटे ह्यांनी हाती घेतली. यवतमाळास १९५३ मध्ये निघालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशिक्षणाचे विद्यालय १९८३ मध्ये पुण्यास गेले, आणि परदेशी मिशनरी कुटुंबेही हळूहळू मायदेशी परतली.

मागे राहिले ते येथलेच लोक. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने ह्या जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, परंतु ख्रिस्ती झालेला महार वा मांग आजही त्या यादीबाहेर आहे व महाराष्ट्रात त्याची गणना इतर मागासवर्गात होते. ज्याच्या आजाने भाकरीसाठी धर्म विकला असे गाव म्हणत आले, त्या मजुरास त्याच धर्मामुळे अनुसूचित जातींसाठीच्या शिष्यवृत्त्यांस व नोकरीतील राखीव जागांस मुकावे लागते. वस्ती गावकुसाबाहेरची, काम परक्याच्या शेतावर कापूस वेचण्याचे, आणि जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेल्यावर मिळणारे उत्तर मात्र शेजारच्या घरापेक्षा निराळे.