लाकूड वर, भुई खाली

घरात आपण ज्यावर पाय ठेवतो त्याला मराठीने फार काळ वेगळे नाव दिलेच नाही. 'भुई' म्हणजे भूमी आणि 'जमीन' म्हणजे फारसीतली धरती. स्वयंपाकघरात सांडलेले पाणी जमिनीवर सांडते आणि सात-बाऱ्यावर नाव लागते तेही जमिनीलाच. डहाणू आणि तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा या शब्दातली घराची जमीन आणि रानातली जमीन एकच असल्याचे लोकांना पायांनी कळले. 'फरशी' मात्र दुसऱ्या घराण्यातली. अरबीत 'फर्श' म्हणजे पसरलेली, अंथरलेली वस्तू. अंथरणारा तो फरास, आणि पुण्याचा फरासखाना याच नात्यातला. जमीन आधीपासून असते, फरशी वरून येते. आज 'वुडन फ्लोअरिंग' म्हणून जे लॅमिनेट घरोघर बसवले जाते, ते लाकडाच्या कुळातले समजले जाते. माझ्या मते ते फर्शाच्या कुळातले आहे, आणि याची सर्वांत चांगली साक्ष सागाच्या रानातल्या घरांत मिळते.

डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्ट्यात साग आहे, ऐन आहे, खैर आहे. वारली घराचे खांब आणि आढे लाकडाचे, भिंती कारवीच्या कुडाच्या, त्यावर शेणमातीचे लिंपण. लाकडाने वेढलेल्या या घराची भुई मात्र मातीची. भराव घालून पाणी शिंपायचे, धुमसाने ठोकायचे, चोपणीने चोपून सपाट करायचे आणि मग शेणाने सारवायचे. ही भुई कधी 'पूर्ण' होत नाही. ती झिजते, पोपडे धरते, आणि सण आला की पुन्हा नवी होते. तिच्यावरच चूल मांडायची, तिच्यातच उखळ पुरायचे. विस्तव आणि मुसळाचे घाव ज्या पृष्ठभागाने सोसायचे, तिथे फळ्या टाकणे कुणाला सुचले नाही यात नवल नाही. लाकडाची जागा डोक्यावर होती, माळ्याला.

यावर सरळ आक्षेप येईल की ही निवड नव्हती, ही गरिबी होती. आक्षेपात तथ्य आहे आणि ते झटकून टाकू नये. 1864 साली रेल्वे डहाणूच्या किनाऱ्याने मुंबईला पोचली आणि इथले लाकूड बाहेर नेणे सोपे झाले. 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगले सरकारच्या मुठीत गेली. 1945 पासूनच्या वारली लढ्यात गवतकापणीबरोबर जंगलतोडीच्या मजुरीसाठीही संप झाले. म्हणजे जे हात साग तोडत होते त्यांना त्याचे मोलसुद्धा पुरते मिळत नव्हते. गोल खांब कुऱ्हाडीने निघतो, पण फळी काढायला करवतकरी लागतात आणि पैसा लागतो. एवढे मान्य करूनही प्रश्न उरतो: ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी तरी काय केले? पेशवाईतल्या वाड्यांकडे पाहा. वरच्या मजल्याला कडीपाट, म्हणजे कड्या आणि त्यांवर फळ्या. छताला तक्तपोशी, आणि या शब्दाचा अर्थही फळ्यांचे आच्छादन असाच. पण कडीपाटावर बहुधा मातीचा थर घालून तो सारवला जाई. पायाला लागायची ती मातीच, अगदी माडीवरसुद्धा. श्रीमंताने लाकूड वापरले, पण ते झाकले. तेव्हा गरिबी हे एक कारण ठरते, एकमेव नव्हे. दुसरे कारण ओल आहे. सागाचा गाभा वाळवीला सहजी दाद देत नाही हे खरे, पण कोकणच्या पावसात जमिनीलगतची फळी टिकवायची तर तिच्याखाली वारा खेळता ठेवावा लागतो, म्हणजे घरच उचलावे लागते. सारवणाला ही चिंता नाही. ते ओल शोषते, सोडते, आणि बिघडले तर घरातल्याच हातांनी दुरुस्त होते.

दरम्यान फरशी शब्दाने अंथरुणाचे कापड सोडून दगड धरला. शहाबादी आली, मग सिमेंटची रंगीत फरशी. मुंबईच्या भारत फ्लोअरिंगने 1922 साली ती स्वदेशीच्या भावनेने बनवायला घेतली. घरकुलात कोबा आला. घट्ट चिकटवलेल्या या वस्तूंना 'पसरलेली' म्हणणे खरे तर जुळत नव्हते, पण शब्द टिकला.

लॅमिनेटने तो अर्थ परत आणला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या पेरस्टॉर्प कंपनीने ते घडवले, आणि 'पेर्गो' या नावाने ते युरोपभर गेले. आधी पट्ट्या डिंकाने जोडत. 1990 च्या दशकात नुसत्या खाचेत अडकणारे सांधे आले. पट्टी साधारण 8 ते 12 मिलिमीटर जाड. गाभा दाबून घट्ट केलेल्या लाकडी तंतूंचा, त्यावर लाकडाचे छापील चित्र असलेला कागद, आणि वर मेलामाइनचा पारदर्शक, झीज सोसणारा थर. खाली कोब्यावर प्लास्टिकचा कागद आणि फोम, आणि त्यावर सगळे नुसते अंथरलेले. ना खिळा, ना सिमेंट. भिंतीलगत 8-10 मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात, कारण हवेतल्या दमटपणाने हा सगळा पट फुगतो आणि आकसतो. कुणी म्हणेल, गाभ्यात लाकूड आहेच की. आहे, पण वासा किंवा फळी जसे भार पेलते तसे ते काही पेलत नाही. भार खालचा कोबा घेतो, आणि पाय पडतो तो मेलामाइनवर.

म्हणून त्याला 'लाकडी जमीन' म्हणू नये, लाकूडनक्षीची फरशी म्हणावे असे मला वाटते. नावाने इथे कामही बदलते. जमीन समजून बसवणारा ती भिंतीला भिडवतो, आणि डहाणूच्या पहिल्याच पावसाळ्यात सांधे उचलून येतात. अंथरूण समजणारा आधी खालची ओल पाहतो. कोबा पुरता वाळला आहे का, जोत्यातून पाणी चढते का, हे तो तपासतो. खोकी त्याच खोलीत दोन दिवस आडवी ठेवून पट्ट्यांना तिथली हवा लागू देतो, आणि मगच पहिली पट्टी भिंतीपासून बोटभर दूर मांडतो.