नाव ठेवणारा संख्याशास्त्रज्ञ

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत आपल्या मराठीत एका मात्रेचाच काय तो फरक आहे. बाळाचे नाव ठेवायचे म्हणजे बारसे करायचे, आणि दुसऱ्याला नावे ठेवायची म्हणजे त्याचे दोष काढायचे. ही दोन्ही कामे सारख्याच आस्थेने करणाऱ्या एका अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाची ओळख आज करून घ्यायची आहे. त्यांचे नाव जॉन वाइल्डर ट्यूकी. हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. पण त्यांनी दिलेली नावे मात्र शाळकरी मुलांच्याही तोंडी आहेत. ‘बिट’ हा शब्द त्यांचा, आणि ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द आजच्या अर्थाने छापून आणण्याचा मानही बहुतेक त्यांच्याकडेच जातो.

ट्यूकी यांचा जन्म १६ जून १९१५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड या गावी झाला. आईवडील दोघेही शिक्षक, त्यामुळे लहानपणीचे शिक्षण घरीच झाले. पुढे ब्राउन विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि १९३९ मध्ये प्रिन्स्टनला गणितात डॉक्टरेट मिळवली. विषय अगदी शुद्ध गणिताचा, व्यवहाराशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा! परंतु महायुद्ध आले आणि तोफांच्या नेमाचा अभ्यास करणाऱ्या कचेरीत त्यांना काम करावे लागले. तेथे खऱ्याखुऱ्या, मळलेल्या, चुकांनी भरलेल्या आकड्यांशी त्यांची गाठ पडली, आणि हा गणिती जन्माचा संख्याशास्त्रज्ञ झाला. १९४५ पासून पुढची कित्येक दशके त्यांचा एक पाय प्रिन्स्टन विद्यापीठात आणि दुसरा बेल टेलिफोन प्रयोगशाळेत होता.

तो काळ कसा होता पाहा. ‘कॉम्प्युटर’ म्हणजे यंत्र असे तेव्हा कोणी समजत नसे. कॉम्प्युटर म्हणजे हिशेब करणारा माणूस, आणि पुष्कळदा बाई! फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियाला ‘एनिॲक’ हे प्रचंड विद्युत गणकयंत्र लोकांना दाखवण्यात आले. यंत्राचे भरपूर कौतुक झाले. पण त्या यंत्राने कोणते गणित कोणत्या क्रमाने सोडवावे हे ज्या सहा तरुणींनी ठरवून दिले होते, त्यांची साधी ओळखही त्या समारंभात करून देण्यात आली नाही. यंत्र डोळ्यांना दिसत होते. यांचे काम दिसत नव्हते, आणि त्या कामाला अजून नावही नव्हते. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

आता ‘बिट’कडे वळू. ही यंत्रे शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालतात. अशा अंकाला इंग्रजीत ‘बायनरी डिजिट’ म्हणत. दिवसातून शंभर वेळा उच्चारायला हे नाव लांबलचक. कोणी ‘बिनिट’ सुचवले, कोणी ‘बिजिट’. ट्यूकी यांनी जानेवारी १९४७ मधल्या एका प्रयोगशाळेतल्या टिपणात त्याचे सरळ ‘बिट’ करून टाकले. इंग्रजीत ‘बिट’ म्हणजे लहानसा तुकडा. तेव्हा शब्द आखूडही झाला आणि अर्थपूर्णही.

बिट म्हणजे काय हे आपल्याला आण्यांच्या हिशेबाने चटकन समजेल. १९५७ सालापर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा होता. समजा, एक ते सोळा यांपैकी काही आणे मी मुठीत धरले आहेत. तुम्ही विचारता, ‘आठ आण्यांहून जास्त आहेत का?’ मी हो किंवा नाही एवढेच सांगायचे. एका उत्तराने सोळाच्या आठ शक्यता उरल्या, दुसऱ्याने चार, तिसऱ्याने दोन आणि चौथ्याने एक. चार प्रश्नांत मूठ उघडी पडली! म्हणजे या गुपितात चार बिटे माहिती होती. बेल प्रयोगशाळेतच काम करणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचे गणिती शास्त्र उभे केले ते याच मापावर. त्या निबंधात त्यांनी हा शब्द ट्यूकी यांनी सुचवल्याचे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. टिपण छापलेले नव्हते. शॅनन गप्प बसते तर नामकरणाचे हे श्रेय कदाचित हरवून गेले असते. पुढे १९५६ मध्ये आय.बी.एम. कंपनीतील वर्नर बुखोल्त्स यांनी बिटांच्या गटाला ‘बाइट’ म्हटले, आणि लिहिताना बिटशी घोटाळा होऊ नये म्हणून मुद्दाम इंग्रजी स्पेलिंग बदलले.

‘सॉफ्टवेअर’ची कथा थोडी वादाची आहे. हार्डवेअर म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. खिळे, बिजागऱ्या आणि कड्याकोयंडे विकणारे हार्डवेअरचे दुकान गावोगाव असते. गणकयंत्राच्या सांगाड्यालाही इंग्रजीत तोच शब्द लागला. १९५८ मध्ये एका अमेरिकन गणितविषयक मासिकात ट्यूकी यांनी लिहिले की, नळ्या, ट्रान्झिस्टर, तारा आणि फिती यांच्या या हार्डवेअरइतकेच, निदान तेवढे तरी, महत्त्व यंत्रासाठी विचारपूर्वक रचलेल्या आज्ञावलींच्या सॉफ्टवेअरला आहे. २००० साली येल विद्यापीठातील ग्रंथपाल फ्रेड शॅपिरो यांनी जुनी मासिके चाळून हा उल्लेख उजेडात आणला. शब्द १९५३ मधल्या एका टिपणातही सापडतो, पण वेगळ्या अर्थाने. आणि आपण तो त्याच सुमारास बोलण्यात वापरत होतो, असे सांगणारेही निघाले आहेत. त्यांचे म्हणणे खोटे आहे असे नव्हे. पण बोललेला शब्द वाऱ्यावर जातो आणि इतिहास कागद मागतो.

माझ्या मते पहिला कोण यापेक्षा त्या वाक्यातला न्याय मोठा आहे. एनिॲकच्या समारंभात जे काम अदृश्य राहिले होते, त्याला येथे नाव मिळाले आणि यंत्राशेजारी पाट मिळाला. नाव नसलेल्या कामाचे मोल होत नाही. आपल्या घराघरांतल्या गृहिणींना हे वेगळे सांगायला नको!

ट्यूकी यांचे खरे कर्तृत्व मात्र शब्दांपुरते नाही. भूमिगत अणुचाचण्यांचे हादरे दूरवरच्या नोंदींतून ओळखायचे, तर त्यातल्या लहरी वेगळ्या कराव्या लागतात. १०२४ नोंदींसाठी साध्या रीतीने सुमारे १०,४८,५७६ गुणाकार पडत. ट्यूकी आणि जेम्स कूली यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने ते काम सुमारे १०,२४० वर येते. मागाहून असे आढळले की हीच युक्ती थोर गणिती गाउस यांनी १८०५ च्या सुमारास लिहून ठेवली होती. पण ती त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि तशीच पडून राहिली. आज रुग्णाच्या शरीराचे एम.आर.आय. चित्र उमटते तेही या रीतीच्या आधाराने.

आता ‘नावे ठेवण्या’विषयी. अमेरिकेत किन्से यांनी स्त्रीपुरुष संबंधांविषयी हजारो मुलाखती घेऊन गाजलेला अहवाल लिहिला. १९५४ मध्ये कॉक्रन, मोस्टेलर आणि ट्यूकी यांनी त्याची तपासणी केली. मुलाखतींच्या कौशल्याची त्यांनी वाखाणणी केली. पण माणसे निवडण्याच्या रीतीवर बोट ठेवले. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण भात आधी ढवळलेला हवा! वरचीच शिते उचलली तर तळाचा भात करपला की कच्चा राहिला, हे हजार शितांनीही कळत नाही.

हाच आग्रह १९७७ मधल्या त्यांच्या ग्रंथातही दिसतो. आकडे आले की लगेच सूत्रात कोंबू नका, आधी त्यांच्याकडे नीट पाहा, त्यांची चित्रे काढा, असे त्यांनी शिकवले. आपली मुले आज पेटीसारखा जो आलेख काढतात, तो त्यांचाच.

२६ जुलै २००० रोजी ट्यूकी वारले. ‘कॉम्प्युटर’साठी आपण ‘संगणक’ हा शब्द घडवला आणि तो रुळलाही. ‘बिट’ आणि ‘सॉफ्टवेअर’ मात्र आले तसेच मराठीत नांदत आहेत. ते परके वाटत नाहीत, कारण ते एखाद्या समितीने लादलेले नव्हते. काम करता करता अडलेल्या माणसाच्या तोंडून निघाले होते. आपल्यालाही नवे शब्द हवेत. ते घडवायचे तर त्या त्या कामात आधी हात घातला पाहिजे.