घोडनदीचा सत्पुरुष

पुण्याहून नगरच्या रस्त्याने जाताना शिरूर लागते. सरकारी कागदात शिरूर. लोकांच्या तोंडी घोडनदीच. इनामगावची पांढरी याच नदीकाठी, शिरूरच्या खालच्या अंगाला. १९६८ पासून डेक्कन कॉलेजने ती उकरली, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीचे गाव वर आले. घरांच्या जमिनीखाली, मडक्याला मडके जोडून निजवलेली लेकरे निघाली. शेजारी त्यांच्यासाठी ठेवलेली भांडी. गेलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचे नाही, ही या काठाची रीत इतकी जुनी.

शिरूरला एक थडगे आहे, त्यापाशी हे हटकून आठवते.

१८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख लिहून दिला. त्या फौजेचे ठाणे शिरूरच्या माळावर पडले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन निघाला तो इथूनच. कोरेगावचा स्तंभ सर्वांना ठाऊक आहे. पण तिथे लढलेले महार शिपाई आणि त्यांचे सोबती ज्या छावणीतून चालत गेले, ती सहसा कोणाला आठवत नाही. असो.

थडगे आहे कर्नल विल्यम वॉलेसचे. १८०३ साली हा गृहस्थ वेलस्लीच्या हाताखाली असईला लढला, गाविलगडच्या वेढ्यातही होता. म्हणजे शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडणाऱ्यांतलाच एक. १८०९ मध्ये तो शिरूरला वारला, आणि गावाने त्याचा सत्पुरुष केला! १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात नोंद आहे की सुगीला शेतकरी नव्या धान्याचा नैवेद्य आधी या थडग्यावर आणीत.

जेत्याची पूजा म्हणून कोणाला याचा राग येईल. मला तसे वाटत नाही. शिलालेख इंग्रजीत, कणसे घेऊन येणाऱ्या कुणब्याला तो कुठला वाचता येणार? हुद्दा, पलटण, जिंकलेले किल्ले, सगळे दगडावरच राहिले. गावाने त्याला आपल्या शिवारातल्या म्हसोबा-वेताळांच्या पंगतीत बसवला आणि त्याच्यावर पिकाची राखण सोपवली. घरादारापासून दूर मेलेल्या, मागे घास ठेवायला कोणी नसलेल्या माणसाचे याहून बरे काय करता आले असते?

ब्राह्मण आणि मारवाडी तेवढे या पूजेत नसत, असेही त्या नोंदीत आहे. पेशवाई बुडाल्याला तेव्हा सदुसष्ट वर्षे झाली होती.